डोळ्यासकट मासा

ऑर्बकूर,
रविवार, ३ मे १९८७

तीर्थरूप दादास,

धाकट्या ओदिलाँचा वाकून नमस्कार. (वाकून हे आपलं लिहिण्यापुरतं. कंबर आता वाकत नाही, आणि वाकलीच तर परत सरळ व्हायला तयार नसते.) तू आणि वहिनी डंकर्कच्या त्या खाऱ्या वाऱ्यात खुशाल असाल अशी आशा करतो. तुझा गुडघा काय म्हणतो? डावा होता ना? की उजवा? सव्वीस वर्षांत माणूस सख्ख्या भावाचा गुडघासुद्धा विसरतो बघ. वहिनी कॉफीत अजून चिकोरीच जास्त घालतात का? घालत असतील तर माझ्यातर्फे काही बोलू नकोस, तेवढ्यासाठी पुन्हा नवं भांडण नको. माझी तब्येत ठीक आहे. डॉक्टर म्हणतात, चाळीस वर्षं दगडाची धूळ ओढलीत, तुमच्या फुप्फुसात अर्धं कॅथिड्रल जाऊन बसलंय. जिने चढू नका, थंडीत फिरू नका, चिडू नका. यातलं थंडीचं मी पाळतो. पत्र लिहायला तसं खास कारण काही नाही. (हे वाक्य शेवटपर्यंत ध्यानात ठेव.)

आता तू पाकीट उलटसुलट करून अक्षर ओळखलं असशील आणि चुलीकडे बघत असशील. थांब जरा. क्लेमांस गेली तेव्हा तू आला होतास, शेवटच्या बाकावर ओल्या कोटात उभा होतास, ते मी पाहिलं होतं. पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. बायकोला मातीत ठेवताना तरी माणसाने भावाला हाक मारावी, पण मी नाही मारली. तर ज्या दगडामुळे नाही मारली, त्याच दगडाचं हे पत्र आहे. एकसष्ट सालच्या फेब्रुवारीत जो आपल्या टोळीतल्या गास्पारवर पडला आणि त्याला घेऊन गेला, तो. त्याचा वरचा तुकडा पडला, उरलेलं खोड तिथेच भिंतीत राहिलं होतं. यंदा दुरुस्तीवाल्यांनी ते काढलं, आणि आमच्या मंडळाने ते मागून घेतलं. येत्या सोळा तारखेला, शनिवारी, कॅथिड्रलच्या बाजूच्या खोलीत ते मांडायचं आहे, ‘चुकीचा घडवलेला दगड’ म्हणून. शेजारी एक दगडी पाटी, पाटीवर चूक करणाऱ्या पाथरवटाचं नाव. शाळेची पोरं ती रांगेने वाचणार, आपण दोघं मेल्यावरही वाचणार. नाव तुझं घालायचं ठरलं होतं, आणि मजकूर द्यायचं काम माझ्याकडे होतं. पण आधी सहलीचं सांगतो, नाहीतर पुढचं तुला उमजायचं नाही.

मंडळ म्हणजे ‘जुने दगडी बांधकाम अभ्यास मंडळ’. क्लेमांस गेल्यावर घरात एकटा बसून खोकायचं, म्हणून मी त्यात शिरलो. तिथे निदान चार माणसांत खोकता येतं. अध्यक्ष मादाम ब्रिस्माय, मुलींच्या शाळेत चाळीस वर्षं भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या. गळ्यात शिट्टी. नवरा होता म्हणतात, पण तोही शिट्टीला घाबरून लवकर गेला असावा. त्या माझ्या दारात येऊन म्हणाल्या, “मस्यू कार्लिए, आमच्याकडे दगडावरची पुस्तकं वाचलेले बावीस जण आहेत. दगडाला हात लावलेला एकही नाही. तुम्ही चला.” मी म्हटलं, आता उचलवत नाही हो. त्या म्हणाल्या, “उचलायचं कुणी सांगितलंय? तोंड चालतंय ना?” तोंड चालत होतं. म्हणून मी गेलो. एक दिवस किल्ला, दुसऱ्या दिवशी आपलं कॅथिड्रल, बसने जाणं-येणं, जेवण आपापलं, आणि प्रत्येकाने वही आणायचीच. वही विसरणाऱ्याला बसमध्ये मागच्या चाकावरची जागा.

पहिल्या दिवशी मोंब्रेचा किल्ला. आमच्यात एक औषधांचे दुकानदार आहेत, मस्यू एव्रार. त्यांच्या खिशात गाठी मारलेली दोरी असते, जुने गवंडी मापाला वापरायचे तशी, आणि दिसेल ते ते मोजतात. दार मोजलं, उंबरा मोजला, माझी टाच मोजली. किल्ल्यात भिंतीच्या पोटातून थेट खाली खंदकात उतरणारा एक संडास आहे. तो पाहून या गृहस्थाचा आनंद गगनात मावेना. आधी दोरी सोडली. दोरी पुरेना, म्हणून हात घातला. हात पुरेना, म्हणून डोकं आणि खांदे. मग त्यांना बाहेर येता येईना. मादाम ब्रिस्माय शिट्टी वाजवत होत्या, (कुणासाठी, देव जाणे, आतल्या माणसाला शिट्टी ऐकून पाय थोडेच फुटणार?) आणि आम्ही चौघं त्यांच्या विजारीला धरून ओढत होतो. सातशे वर्षांपूर्वीच्या सरदारांची घाण तोंडाला फासून बाहेर आले आणि पहिला शब्द काय, तर “चौदा हात!” बावीस जणांनी वहीत लिहून घेतलं, चौदा हात.

मग जिना. गोल जिना उजवीकडे वळत का चढतो, ते मी सांगत होतो. खालून येणाऱ्याचा तलवारीचा हात खांबाला अडतो वगैरे, आपल्याला मुकादम सांगायचा तेच. एकसष्टाव्या पायरीवर मला खोकला आला. साधा नव्हे. भिंतीला धरून खाली बसलो, डोळ्यांपुढे अंधारी, तोंड निळं. खालच्या लोकांना वाटलं, मी जखमी शिपायाचं सोंग करून दाखवतोय. टाळ्या पडल्या, दादा! खरोखर टाळ्या पडल्या. मादाम फ्लोर म्हणाली, “अगं बाई, अगदी खरं वाटलं हो!” आणि एकाने विचारलं, पुन्हा एकदा कराल का, माझा फोटो राहिला. मी हातानेच नको म्हटलं, तर तोसुद्धा अभिनयच ठरला. मरताना इतकी दाद मिळणार असेल तर मरणाला एवढं भिण्याचं कारण नाही, असं तेव्हा वाटलं खरं. रात्री पलंगावर उशीला टेकून बसलो तेव्हा मात्र तसं वाटलं नाही.

(मादाम फ्लोर म्हणजे तीच, कोपऱ्यावरची पाववाली. गास्पार गेल्यावर तिने वहिनींना वर्षभर शिळा पाव विकला, ताजा समोर दिसत असताना. आता दुकान मुलाला दिलंय आणि ती दगडांचा अभ्यास करते. वहिनींना हे वाचून दाखवू नकोस. किंवा दाखव, पुढे तिचं काम आहे.)

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये मी पाथरवटांच्या खुणा शिकवल्या. प्रत्येक पाथरवटाची आपली एक खूण, ती तो दगडाच्या पोटाला कोरतो. दगड चुन्यावर बसला की ती कायमची झाकली जाते. मग ती दोघांनीच पाहिलेली असते, घडवणाऱ्याने आणि बसवणाऱ्याने. लोकांना हे फार आवडलं. तुमची खूण कोणती, असं सगळ्यांनी विचारलं. आता मला असं विचारायचं म्हणजे काय, तू जाणतोस. मी मादाम ब्रिस्मायनी बसमध्ये आणलेल्या फळ्यावर मासा काढला, डोळ्यासकट, अगदी खवल्यांच्या तीन ओळींसकट. (आठवतं? सगळी टोळी मला हसायची. बाकीच्यांच्या खुणा दोन रेघांच्या, आणि या शहाण्याचा मासा डोळा उघडून बघतोय. तू म्हणायचास, “ओद्या, अरे तो चुन्याखाली जाणार आहे, तिथे त्याला काय दिसणार?”) तुझा तीन दातांचा काटाही काढून दाखवला, जरा लहान. बावीस वह्यांमध्ये बावीस मासे उतरले. मस्यू एव्रारनी तर त्याची लांबी-रुंदी लिहून घेतली.

आणि मग कॅथिड्रल. ते खोड दुरुस्तीवाल्यांनी वर माळ्यावर, छताच्या पाठीवर ठेवलं होतं, त्या जुन्या लाकडी चाकापाशी. चाक तुला आठवतच असेल, माणसाने आत शिरून चालायचं, की दोर गुंडाळला जातो आणि ओझं हलतं. मादाम ब्रिस्मायनी ठरवलं की, दगड क्रेनने उतरवायचा नाही, बाराव्या शतकासारखाच उतरवायचा, म्हणजे मंडळाचा अभ्यासही होईल. चाकात मस्यू एव्रार, आणि वजन पुरेना म्हणून स्वतः मादाम. मला वरचा जिना बंद, म्हणून मी खाली फरशीवर, दगड भिंतीला घासू नये म्हणून लोंबणारी दोरी धरून. भोवती वीस जण अर्धवर्तुळात. छताच्या गोल भोकातून दगड डोकावला आणि मी व्याख्यान सुरू केलं.

दादा, ते व्याख्यान तुला जसंच्या तसं सांगायला हवं, कारण ते तुझ्यावर होतं. मी सांगितलं की, दगड खाणीत थराथराने झोपलेला असतो, रचून ठेवलेल्या वह्यांसारखा. तो भिंतीतही तसाच झोपवायचा. झोपलेला दगड हजार वर्षं ओझं वाहतो. त्याला उभा केला, की थर उभे राहतात, पाणी शिरतं, एका थंडीत ते बर्फ होतं आणि वह्या सुटतात. सांगितलं की, हे पहिल्या वर्षीचा शिकाऊही जाणतो. आणि मग म्हणालो (आवाज मुद्दाम जड करून, कारण लोकांना आवडतं) की, हा जो दगड खाली येतो आहे, तो उभा घडवणारा माणूस शिकाऊ नव्हता. तो माझा सख्खा थोरला भाऊ होता. बायका चुकचुकल्या. मी गास्पारबद्दल सांगितलं. पाव आणि चीज घेऊन तो उन्हाच्या तिरपीत बसला होता, चीज वाळलंय म्हणून कुरकुरत होता, आणि त्याचं वाक्य पुरं झालं नाही. मादाम फ्लोरने डोळे पुसले. मी पुढे म्हणालो, माझ्या भावाने त्यानंतर छिन्नी धरली नाही, बंदरावर पोती मोजायला गेला, आणि ते योग्यच झालं. ‘योग्यच झालं’ असं म्हणालो मी. तेव्हा दगड माझ्या डोक्यावर तीन माणूस उंचीवर होता.

वर चाकात काहीतरी गडबड झाली. (मागाहून कळलं की, मस्यू एव्रार चाक मोजायला मधेच थांबले आणि मादाम चालत राहिल्या.) दगड गचकन थांबला आणि दोराचा पीळ सुटून स्वतःभोवती हळूहळू फिरायला लागला. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याची खालची बाजू उजेडात आली. अर्ध्या भागावर चुना होता. उरलेला अर्धा चुना निघाला होता, आणि तिथून मासा बघत होता.

मग वह्यांची पानं उलटल्याचा आवाज आला, वीस वह्यांचा. इन्स्पेक्टर वर्गात आल्यावर येतो ना, तसा. मादाम फ्लोर पुढे झाली, वही वर धरली, दगडाकडे बघितलं, वहीकडे बघितलं, आणि मला विचारलं, “मस्यू कार्लिए, हा कुणाचा हो?”

मी म्हणालो, बऱ्याच पाथरवटांची खूण मासा असायची.

ती म्हणाली, “डोळ्यासकट?”

वरून मादाम ब्रिस्मायची शिट्टी वाजत होती, आता सोडू का, आता सोडू का. मला खोकला आला. खाली बसलो. या खेपेला टाळ्या पडल्या नाहीत.

आता तुला आठवण करून द्यायला नको, पण पत्रात लिहिलेलं बरं. अठ्ठावन्न सालचा ऑक्टोबर. तुला वहिनींच्या वडिलांकडे मागणी घालायला जायचं होतं, आणि दिवसाचे तुझे पाच दगड व्हायचे होते, चारच झाले होते. आपल्या टोळीची रीत अशी की, मागणी घालायला जाणाऱ्याचा उरलेला दगड सोबत्यांपैकी कुणीतरी घडवून द्यायचा. मी पुढे झालो. तू मला मिठी मारलीस, आणि माझ्याच मगातलं सायडर पिऊन पळालास. रीतीची दुसरी बाजूही तू जाणतोस. दिलेल्या दगडावर आपली खूण करायची नाही. तो ज्याला दिला त्याचा. नाव त्याचं, चूकही त्याचीच. मी उरलेलं सायडर प्यालो. मग पुन्हा प्यालो, तुझ्या सुखासाठी, मग वहिनींच्या सुखासाठी, त्यांच्या वडिलांचाही राग धरायला नको म्हणून त्यांच्यासाठी. उरलेला दगड आडवा धरला तर चार बोटं कमी पडत होता. उभा धरला तर बरोब्बर बसत होता. मी उभा धरला. मग तो इतका सुबक उतरला की, बिनखुणेचा सोडवेना. मासा कोरला. डोळा शेवटी केला, अगदी जीव लावून.

तू दिव्यासारखं तोंड घेऊन परत आलास. त्यांनी हो म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू तो दगड बसवलास. आपला इथला दगड कोरडा असला की त्याचे थर दिसत नाहीत, ओला झाल्यावरच दिसतात. आणि त्या सकाळी मी तुझ्या हातात चीजचा गोळा दिला असता तरी तू तो चुना लावून भिंतीत बसवला असतास. थर तुला दिसले नसतील, हे मला मान्य. पण चुन्यावर टेकवण्याआधी दगडाचं पोट तू पाहिलं असणार. प्रत्येक बसवणारा पाहतो. म्हणजे मासा तू पाहिला होतास. म्हणजे गास्पार गेल्यावर, चौकशीच्या दिवशी, शेडमध्ये सगळे उभे असताना, मुकादमाने “ही रांग कुणाची?” विचारलं, आणि मी बोट दाखवून “दादाची” म्हणालो, तेव्हा तुला माहीत होतं. तू माझ्याकडे पाहिलंस. क्लेमांसला तेव्हा सातवा महिना होता, तेही तुला माहीत होतं. आणि तू म्हणालास, “हो, माझी.” रीतीप्रमाणे खोटंही नव्हतं. मुकादमाने तुझा चामडी अंगरखा काढून घेतला. गास्पारची बायको तुझ्या उंबऱ्यावर थुंकली. वहिनींना शिळा पाव. आणि मी पुढे मुकादम झालो, निवृत्त होताना मला पदक मिळालं, ते माझ्या भिंतीवर आहे आणि त्याच्यावर, तुला सांगितलं तर हसशील, छिन्नी आणि हातोडा कोरलाय, तोही बेढब.

हे सगळं मी पार विसरून गेलो होतो, दादा. सायडर, तरणं वय, नंतरची एवढी वर्षं. तो मासा बघेपर्यंत डोक्यात काही म्हणजे काही नव्हतं. माणूस विसरतो.

दुसऱ्या दिवशी मादाम फ्लोर घरी आली. हातात पाव, ताजा, इतका गरम की कागदातून वाफ येत होती. खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली. म्हणाली, “तुमच्या वहिनीला, लेओकादीला मी वर्षभर... आणि ती दररोज ‘मेर्सी, मादाम’ म्हणून घेऊन जायची हो! एकदाही काही बोलली नाही.” मी तिला काय सांगणार? तिचा गुन्हा पावाचा. मी तिला कॉफी दिली, आणि आम्ही दोघांनी तो पाव खाल्ला.

मग संध्याकाळी मादाम ब्रिस्माय आल्या. त्यांच्याकडे पाटीचा कागद होता, माझ्याच अक्षरात, तुझ्या नावाचा. त्यांनी तो टेबलावर ठेवला, शेजारी एक कोरा कागद ठेवला, आणि शिट्टी काढून खिशात टाकली. (हे मी त्यांना पहिल्यांदाच करताना पाहिलं.) म्हणाल्या, “मंडळ कुणाला काही विचारणार नाही. वह्यांत काय काढलंय ते वह्यांत राहील. पण तो दगड शिकवण्यासाठी ठेवतोय आपण. शनिवारपर्यंत सांगा.” आणि दारातून मागे वळून, “मस्यू कार्लिए, माझ्या वर्गात चुकीचं उत्तर खोडलं तर मार्क कापत नसे मी.” चाळीस वर्षं मुलींनी त्यांना का सहन केलं असेल ते मला तेव्हा कळलं.

मी जुना कागद फाडला आणि कोऱ्यावर माझं नाव लिहिलं. मंडळात नेऊन दिला. मस्यू एव्रारनी तो दोनदा वाचला, मला चक्क मिठी मारली, आणि मग अक्षरांची उंची मोजली.

तर असं सगळं आहे. तुझ्याकडून मला काही नको. उत्तर पाठवायचे कष्ट घेऊ नकोस. थंडी अजून गेलेली नाही, गुडघ्याला (डाव्या, आता आठवलं, पोरवयात अक्रोडाच्या झाडावरून माझ्यामुळेच पडला होतास) लोकर गुंडाळत जा. वहिनींना नमस्कार.

तुझा धाकटा,
ओदिलाँ

ता. क. वर लिहिलं की काही नको. एक आहे. पाटी दगडाची करायची ठरलीय आणि माझे हात आता थरथरतात; काल ‘ओ’ कोरायला घेतला, त्याचा बटाटा झाला. टोळीत अक्षरं तुझ्यासारखी कुणालाच येत नसत. तू सोडून गेलास तेव्हा तुझ्या छिन्न्यांची पेटी शेडमध्येच राहिली होती. ती माझ्याकडे आहे, सव्वीस वर्षं दर नाताळला तेल लावतोय. (दोन मी वापरून झिजवल्या. भांडायचं असेल तर इथे येऊन भांड.) पंधरा तारखेला, शुक्रवारी सकाळच्या गाडीने ये. माझं नाव तू कोर. भावाच्या हातून एवढं काम करून मागणं म्हणजे कोडगेपणा आहे, हे मला समजतं. पण दुसऱ्या कुणी कोरलं तर ते नुसतं कोरलेलं असेल. मी स्टेशनवर उभा राहीन. लांबून ओळखायला सोपा आहे, खोकत असेन.

ता. क. वहिनी, हे पत्र तुम्हीच त्याला वाचून दाखवत असणार, मला माहीत आहे; तो सूपच्या बशीत चमचा घासत बसला असेल आणि ऐकू येत नसल्याचं नाटक करत असेल. थांबू नका. शिळ्या पावाचंही वाचा. ती बाई शनिवारी तुमची वाट बघणार आहे, आणि सांगून ठेवतो, पाव इतका आणणार आहे की तुम्हाला परत नेताना हमाल लागेल. तुम्ही तिच्याशी बोला अथवा नका बोलू, तुमचा हक्क आहे. आता पुढचं मात्र जरा हळू वाचा.

ता. क. दादा, विसरलो होतो असं वर लिहिलं, ते खोटं. पत्र फाडून पुन्हा लिहिणार होतो, पण मादाम म्हणाल्या तसं, खोडतो. चौकशीच्या दिवशी मला सगळं आठवत होतं. सायडर, उभा दगड, मासा, डोळा. “दादाची” म्हणताना आठवत होतं. माझं बोट वर होतं आणि मी मनात म्हणत होतो, आता हा सांगणार, आता सांगणार. तू “हो, माझी” म्हणालास, आणि मी श्वास सोडला, आतून, मोकळा. त्यानंतर तसा श्वास मला कधी घेता आला नाही. डॉक्टर धुळीचं म्हणतात. म्हणू देत.

म्हणून ये. आणि अक्षरं खोल कोर.